मीटरचा काटा आणि पंधरा लिटर डिझेल



या व्यासपीठावर थोर थोर महाराज बोलून गेले. आम्ही चौथी शिकलेला माणूस. शेती आणि कीर्तन, एवढीच आमची विद्या. पण दिंडीच्या जुन्या जीप-पिकअपखाली पोतं अंथरून आम्ही बऱ्याच दुपारी काढल्यात. म्हणून कमिटीनं सांगितलं, बुवा, त्या मीटरची हकिगत सांगा, पोरांना कळू द्या. तर तीच सांगतो.

आपल्या दिंडीचं सामान पूर्वी बैलगाडीत असायचं. बैलांनी कडबा किती खाल्ला याची वही कोणी ठेवत नव्हतं. मोटार आली आणि तिच्यामागं डिझेलची पावती आली. हे डिझेल येतं भिशीच्या पैशातून. कोणी खुरपणीच्या रोजातले दिलेले, कोणा म्हातारीनं कोंबड्या विकून दिलेले. म्हणून आपले हिशेबनीस काका थेंबाथेंबाचा हिशेब मागतात, आणि ते योग्यच आहे.

एका साली पंढरपुराहून परत आल्यावर वही मांडली. डिझेल 50 लिटर, आणि मीटरवर धावणं 350 किलोमीटर. म्हणजे लिटरला सात. आदल्या सालापर्यंत हीच गाडी लिटरला दहा द्यायची. त्या हिशेबानं 35 लिटर पुरायला पाहिजे होतं. मग वरचं 15 लिटर गेलं कुठं? काकांनी एवढंच विचारलं. पण मंडळींत कुजबुज सुटली, आणि कुजबुजीला काय, पाय नसतात तरी ती गावभर फिरते. आपला ड्रायव्हर दादा वीस वर्षं बिनपगारी गाडी हाकतोय. त्याच्या कानावर गेलं. त्यानं किल्ली आणली, देवाच्या फोटोपुढं ठेवली आणि म्हणाला, "पुढच्या साली मी पायी येतो. गाडी दुसऱ्याला द्या."

आम्ही म्हणलं, थांबा जरा. डिझेल चोरीला गेलं असं वही म्हणत नाही. डिझेल आणि किलोमीटर यांचा मेळ बसत नाही, एवढंच वही म्हणते. डिझेल पंपावर मोजलंय, त्याची पावती आहे. किलोमीटर कोणी मोजलेत? मीटरनं. मग आधी मीटरची साक्ष काढू.

ती काढायची कशी? सरकारनं रस्त्याच्या कडेला दगड रोवलेत ना! राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य मार्गाचा हिरवा. काकांना वही घेऊन पुढं बसवलं. ड्रायव्हर दादाला हातापाया पडून स्टेअरिंगवर बसवलं. आम्ही मागं हौद्यात. फाट्यावरच्या दगडापाशी आकडा लिहिला आणि निघालो. दहा किलोमीटरचे दगड मागं टाकले आणि आकडा बघितला, तर सातच भरलेले! येताना तेच दगड, आणि आकडा साडेसहा. वेग एकसारखा होता, पण काटा चाळिसावरून विसावर, परत चाळिसावर, टाळकऱ्यासारखा नाचत होता. काका गप झाले.

मीटर पुरा बंद पडला असता तर बरं होतं. सगळ्यांना दिसतं, कोणी त्याच्यावर विसंबत नाही. हा थोडा चालायचा, थोडा सुटायचा, आणि म्हणून त्याच्यावर विश्वास बसला होता.

आता ही वस्तू चालते कशी ते बघा. आपल्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस आहे. त्यातून मागच्या चाकांकडं शाफ्ट जातो. त्या शाफ्टवर आटे पाडलेला एक गिअर बसवलेला असतो, आणि त्याला आडवं लागून एक छोटं पिनियन फिरतं. पिनियनच्या पोटात चौकोनी भोक असतं, त्यात केबलचं चौकोनी टोक. केबल म्हणजे बाहेरून नळी आणि आत सुतळीसारखी पीळ दिलेली पोलादी तार. चाक फिरलं की ही तार फिरते, थेट डॅशबोर्डपर्यंत. मीटरमधी तिच्या वरच्या टोकाला लोहचुंबक फिरतं. त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते, काट्याला जोडलेली. चुंबक वाटीला शिवत नाही, तरी फिरता फिरता तिला आपल्याबरोबर ओढतं. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं खेचते. या ओढाताणीत काटा जिथं ठरतो तो वेग. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच तारेवरून दातऱ्यांनी फिरतात, तिथं चुंबकाचं काम नाही. म्हणून काटा चुकतो पण आकडे बरोबर, असं असलं तर दोष मीटरच्या पोटात. दोन्ही चुकत असले तर बहुतेक दोष खाली असतो, तारेत नाहीतर पिनियनमधी. आमचे दोन्ही चुकत होते.

वाड्यात गाडी आणली. बाकीच्या चाकांना दगड लावून मागचं एक चाक जॅकवर उचललं, गिअर न्यूट्रल. मीटरच्या पाठीमागची चुडी सोडवून केबलचं वरचं टोक मोकळं केलं. एकानं चाक हातानं फिरवायचं, एकानं टोक बघायचं. टोक फिरत होतं, पण दोन बोटांत हलकं धरलं की थांबायचं, आणि खाली चाक आपलं फिरतच. मग तार वरून ओढून काढली. तुटलेली असती तर अर्धीच हातात आली असती. सबंध आली, पण खालच्या टोकाचा चौकोन झिजून गोल झालेला, चोखलेल्या उसाच्या कांडीसारखा. खाली ट्रान्सफर केसला पाना लावून पिनियन काढलं. काढताना ऑईल गळतं, तेव्हा डबा धरावा, नाहीतर मंडळी घरी बायकोची बोलणी खातात. पिनियनच्या पोटातलं भोकही तसंच वाटोळं झालेलं.

एवढ्यावर नवीन टोक बसवून मोकळं झालो असतो तर वर्षात परत तेच झालं असतं. टोक झिजलं का? कधीतरी सायलेन्सरचं काम करताना कोणीतरी केबलची नळी तारेनं सायलेन्सरजवळ आवळून बांधली होती. तिथं तिला कोपऱ्यासारखा बाक आलेला. उष्णतेनं आतलं ग्रीस वाळून काळी खपली झाली होती. तार जड फिरायला लागली, आणि सगळा ताण आला त्या चौकोनी टोकावर.

केबल नवीन घेतली. पिनियन काही मिळेना. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात एकानं दिलं, म्हणाला जीपचंच आहे. जीपचंच होतं, पण आम्ही दात मोजले. जुन्याला 15, ह्याला 16. एक दात जास्त म्हणजे पिनियन हळू फिरणार, आणि खऱ्या 16 किलोमीटरला मीटर 15 च दाखवणार. परत तीच भानगड! ते परत केलं आणि 15 दात्यांचं मिळेपर्यंत दोन रविवार गेले. सोबत आतलं ऑईल सीलही बदललं. ते सील गेलं की ऑईल तारेच्या पिळावरून वर चढत मीटरपर्यंत जातं आणि आतली वाटी, स्प्रिंग सगळं खराब करतं.

ग्रीसचं ऐकून ठेवा. पखवाजाला कणीक लावतात ना, कमी लावली तर बोल घुमत नाही, जास्त लावली तर दबतो. तसंच हे. बोटानं पातळ हात फिरवायचा, आणि मीटरकडची वीतभर तार कोरडी ठेवायची. नळी सायलेन्सरपासून लांब, मोठ्या बाकानं न्यायची.

परत त्याच रस्त्यावर, तेच तिघं. दहा दगड, दहा किलोमीटर. काटा समईच्या ज्योतीसारखा स्थिर.

मग काकांनी हिशेब नव्यानं मांडला. खऱ्या दहाला मीटर सात दाखवतो, तर त्याच्या 350 चे झाले 500. डिझेल 50 लिटर. लिटरला दहा! ड्रायव्हर दादाकडून पाण्याच्या, पिठाच्या, दवाखान्याच्या खेपा एक एक विचारून बेरीज केली, तीही पाचशेच्या आसपासच आली. काका वही घेऊन त्याच्या ओट्यावर गेले. वारकऱ्याच्या रिवाजाप्रमाणं दोघं एकमेकांच्या पाया पडले. किल्ली मात्र त्यानं लगेच घेतली नाही. प्रस्थानाला आठ दिवस राहिले तेव्हा येऊन घेऊन गेला, कोणाशी न बोलता.

आता गाडी तुम्हा पोरांच्या हातात आहे. टायर बदलताना मापाचाच घ्या. मोठा टायर घातला तर मीटर कमी दाखवतो, मग पिनियन कितीही चांगलं असो. दरसाल गाडी आळंदीला न्यायच्या आधी दहा दगडांवर मीटर तपासा आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, खाली काकांची आणि ड्रायव्हरची, दोघांची सही घ्या. 15 दात्यांचं एक जादा पिनियन फडक्यात गुंडाळून सीटखालच्या पेटीत ठेवलंय, ते कोणी हलवू नका.

पुढच्या बुवांची वेळ झाली. राम कृष्ण हरी!