घासलेला रुपया

लक्ष्मीपूजनाचा दिवस आला की पुष्कळ मराठी घरांतून देवघरातील चांदीच्या रुपयांची डबी खाली उतरवली जाते. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील जुनी मराठी घरेही याला अपवाद नाहीत. राणीछाप रुपये वर्षभरात काळवंडलेले असतात. मग चिंचेचा कोळ येतो, चिमूटभर राख येते आणि गृहिणी ते रुपये असे लख्ख घासून काढते की, ते कालच टांकसाळीतून आले असावेत असे वाटावे. पूजेच्या दृष्टीने यात काहीच वावगे नाही. परंतु हाच रुपया पुढे कधी नाणेसंग्राहकाच्या हाती गेला, तर तो त्याला दिव्यापुढे जरासा कलता धरतो आणि शांतपणे परत करतो. ज्या झळाळीचा घरच्यांना अभिमान, तीच त्याच्या लेखी नाण्याची खोड ठरते.

हे कोडे उलगडण्यासाठी टांकसाळीत डोकावले पाहिजे. ठशाच्या प्रचंड दाबाखाली चांदी क्षणभर वाहिल्यासारखी पसरते व तिच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नवे नाणे दिव्याखाली फिरविले असता प्रकाशाचा झोत चाकाच्या आऱ्याप्रमाणे फिरताना दिसतो, तो या रेषांमुळे. चांदीवर चढणारा काळिमा म्हणजे हवेतील गंधकाशी झालेल्या संयोगाचा एक पातळ थर होय. राखेने तो थर जातो खरा, पण त्याच्याबरोबर त्या रेषाही जातात आणि त्यांच्या जागी ओरखडे राहतात. अशा नाण्यावर उजेड पडतो, पण फिरत नाही. काळिमा काही वर्षांनी पुन्हा चढेल. गेलेल्या रेषा परत आणण्याचा उपाय मात्र कोणत्याही सराफाजवळ नाही.

हाताळून झिजलेल्या नाण्याविषयी संग्राहकाची तक्रार नसते. झीज हे नाण्याचे वय आहे. घासणे ही त्याला झालेली इजा आहे. अमेरिकेतील डॉ. विल्यम शेल्डन यांनी 1949 साली तेथील जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी 1 ते 70 अशी गुणांची मोजपट्टी आखली. ती पुढे इतर नाण्यांनाही लागू झाली. आज प्रतवारी करणाऱ्या संस्था घासलेल्या नाण्याला सहसा असा आकडा देत नाहीत. झीज किती ते लिहून पुढे ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात. तो शेरा पडला की किंमत उतरते. किती उतरते, ते नाण्याच्या दुर्मिळतेवर अवलंबून असते. 1918 साली मुंबई व कलकत्ता या टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींहून अधिक रुपये पाडले. त्यांतला एखादा घासला गेला, तर त्याचे मोल चांदीच्या वजनाइतकेच उरते. 1939 चा रुपया अत्यंत दुर्मिळ. तो घासलेला निघाला तरी त्याला गिऱ्हाईक मिळते. मात्र दुर्मिळ म्हणूनच त्याच्या बनावट प्रतीही पुष्कळ, आणि घासलेल्या पृष्ठभागावर खऱ्याखोट्याची पारख अधिक अवघड होते.

सगळीच इजा सारखी नसते. जुन्या आहत नाण्यांवर पारख्यांनी मारलेले बारीक ठसे दिसतात. एके काळी ती खरेपणाची साक्ष होती, आणि आज अभ्यासकाला तीच उपयोगी पडते. छत्तीसगढात बायका गळ्यात रुपयांची माळ घालीत. त्यासाठी प्रत्येक रुपयाला कडी डाकलेली असे. ती कडी काढली तरी डाकाचा डाग राहतोच. म्हणून जाणकार अशी माळ मोडण्याऐवजी दागिना म्हणून अखंड ठेवावी असे सांगतात, आणि ते योग्यच आहे.

खरे नुकसान होते ते जमिनीतून निघालेल्या नाण्यांचे. दक्षिण कोसलात, म्हणजे आजच्या छत्तीसगढात, सहाव्या शतकाच्या सुमारास प्रसन्नमात्र व महेंद्रादित्य या नावांची सोन्याची नाणी पाडली गेली. त्यांचा पत्रा इतका पातळ की, मागून दाबून पुढे उठाव आणलेला आहे. वर गरुड, शंख व चक्र आणि खाली पेटीसारख्या डोक्यांच्या अक्षरांत राजाचे नाव. चेपलेले असे नाणे कोणी सरळ करू गेला, तर उठाव बसतो आणि अक्षरे जातात. सोन्याचे वजन तेवढेच राहते. पण या राजांचा इतिहास मोजक्या ताम्रपटांवर व अशा नाण्यांवर उभा असल्यामुळे, एक नाव पुसले म्हणजे एक पुरावा गेला.

रायपूरला 1875 पासून संग्रहालय आहे. राजनांदगावच्या महंत घासीदासांचे नाव त्याला दिलेले असून, नव्या इमारतीचे उद्घाटन 1953 साली डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले. संग्रहालयाचा हिशेब बाजारापेक्षा वेगळा असतो. भोक पडलेले नाणेही तेथे मोलाचे ठरते. मात्र ते कोणत्या गावी, कशासोबत व कोणत्या भांड्यात सापडले हे ठाऊक हवे. नांगराच्या फाळाला लागलेले मडके घरी नेऊन, नाणी धुऊन, निवडून चार ठिकाणी वाटली की ही सारी माहिती नाहीशी होते. 1878 च्या निखात निधी कायद्याने असा ठेवा सापडल्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला देणे बंधनकारक केले आहे. तोवर नाण्यांवरची माती तशीच राहू द्यावी. ती कशी काढायची हे रसायनज्ञ ठरवील. पुष्कळदा तो पहिल्या दिवशी काहीच काढीत नाही, नाणे नुसते तोलतो, त्याचे छायाचित्र घेतो आणि कागदी पाकिटात ठेवून देतो.