भूमी दिली म्हणजे काय दिले?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संक्षिप्त शब्दांकन)



२०१५ मध्ये संसदेने शंभरावी घटनादुरुस्ती संमत केली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरी एकच प्रश्न विचारला गेला : आपली भूमी बांगलादेशाला का दिली? विचारणाऱ्यांना मी दोष देणार नाही. फाळणीची जखम उरी बाळगणाऱ्यांना भूमी हा एकर-गुंठ्यांचा हिशेब वाटत नाही. म्हणूनच नेमके काय दिले, ते पाहू.

कूचबिहारचे राजे आणि रंगपूरचे नवाब बुद्धिबळात गावे पणाला लावीत, अशी आख्यायिका आहे. ती सुरस आहे खरी. पण मूळ आहे ते अठराव्या शतकाच्या आरंभी मुघल व कूचबिहार यांच्यात झालेल्या तहांत. एकमेकांच्या मुलुखात विखुरलेली गावे तशीच राहिली. १९४९ मध्ये कूचबिहार संस्थान भारतात विलीन झाले आणि ही गावे परराष्ट्राच्या पोटात अडकली. त्यांना छिटमहाल म्हणतात. भारताचे १११ छिटमहाल तिकडे, त्यांचे ५१ इकडे. दहाला खाग्राबाडी हा तर भारताचा तुकडा. तो बांगलादेशी छिटमहालात, तो छिटमहाल पुन्हा भारतीय छिटमहालात, आणि हे सारे बांगलादेशात!

नकाशावर तेथे भारत होता. प्रत्यक्षात आपले ठाणे नव्हते, शाळा नव्हती, मतपेटी नव्हती. व्हिसा काढायचा तर आधी विनापरवाना परकी भूमी ओलांडावी लागे. ज्या गावात आपला शिपाई पोहोचू शकत नाही, तेथे आपले सार्वभौमत्व कोणत्या अर्थाने होते?

तोडग्याचे प्रयत्न जुने आहेत. १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात समझोता झाला. भूमी परराष्ट्रास द्यायची तर घटनादुरुस्ती हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये बेरुबाडी प्रकरणात सांगितले. हा अडसर मला लोकशाहीचे भूषण वाटतो; पंतप्रधानांच्या एका स्वाक्षरीने देशाची सीमा हलू नये. पुढे १९७४ मध्ये इंदिरा गांधी व मुजीबुर रहमान यांचा करार झाला. ढाक्याने त्याला त्याच वर्षी मान्यता दिली. आपल्याला ४१ वर्षे लागली!

२०१३ मध्ये विधेयक राज्यसभेत आले, तेव्हा भाजप व आसाम गण परिषद यांनी विरोध केला होता. पुढे भाजपच्याच सरकारने ते संमत करून घेतले, आणि दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत पडले नाही. ही विसंगती लपवण्याचे कारण नाही. सत्तेवर आल्यावर सीमेचे वास्तव अधिक स्पष्ट दिसते.

हिशेबही मांडतो. छिटमहालांपोटी सुमारे १७,१६० एकर गेले, ७,११० एकर आले. तोटा दहा हजार एकरांचा दिसतो. पण गेले ते आपल्या हाती कधीच नव्हते. भीती होती लोंढ्याची. २०११ च्या गणनेनुसार आपल्या छिटमहालांत ३७ हजारांवर लोक होते. नागरिकत्व निवडण्याची मुभा मिळाल्यावर भारतात आले ते हजाराहून कमी. आणि इकडच्या बांगलादेशी छिटमहालांतील एकानेही तिकडे जाणे पसंत केले नाही.

३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री हस्तांतर झाले. तिकडून आलेल्या कुटुंबांना दिनहाटा, मेखलीगंज व हल्दीबाडी येथील तात्पुरत्या छावण्यांत ठेवण्यात आले. तेथील पत्र्याच्या खोल्यांत त्यांनी कित्येक वर्षे काढली.