जाकीट आतून धुवा

मी लखनऊहून बोलतोय. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी माझ्या टेबलावर स्कूबाची जाकिटं असतात, कारण नदीत कोणी बुडालं की शोधायला उतरणाऱ्यांना ती लागतात. या जाकिटाला बीसीडी म्हणतात. बटण दाबून हवा भरली की माणूस वर येतो, हवा सोडली की खाली जातो.

आता हवा नको असताना भरत गेली तर? दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथली एक लिटर हवा वर येईपर्यंत दोन लिटर होते. म्हणजे जाकीट फुगलं की माणूस वर सरकतो आणि वर सरकला की ते आणखी फुगतं. घाबरून श्वास रोखला, तर छातीतली हवाही तशीच फुगते. फुप्फुस फाटू शकतं. कारण काय, तर एक चिकटलेलं बटण.

ते चिकटतं कशानं? तुमच्यापैकी काहींनी मालवण-तारकर्लीला स्कूबा केलं असेल. तिथे मीठ, आमच्या गोमतीत गाळ. दोन्ही पाण्याबरोबर जाकिटाच्या आत शिरतात आणि वाळले की झडपेत बसतात. बाहेरून जाकीट चकाचक दिसतं आणि आपण फसतो.

म्हणून आतून धुवा. तोंडानं हवा भरायच्या नळीतून गोडं पाणी ओता, थोडी हवा भरा, जाकीट चांगलं हलवा आणि खालच्या झडपेतून पाणी काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा. मग अर्धवट फुगवून सावलीत टांगा. उन्हात नको, कापड आणि रबर दोन्ही खराब होतात. घरातलं खोबरेल किंवा मशीनचं तेल बटणात अजिबात घालू नका.

तपासणी दोन. पहिली, जाकीट गच्च फुगवा, टाकीची नळी काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडलं असेल तर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जिथे, गळती तिथे. दुसरी, टाकी जोडा, जाकीट रिकामं करा आणि दहा मिनिटं बटणाला हात लावू नका. आपोआप फुगू लागलं, तर ते जाकीट त्या दिवशी पाण्यात जाणार नाही. झडप उघडायचं काम प्रशिक्षित माणसाकडे द्या.

पाण्याखालीच बटण अडकलं तर? जाकिटाची नळी खेचून सोडवा, हवा बाहेर काढा, आणि श्वास सोडत राहा. नळी सोडवायचा सराव काठावर हातमोजे घालून करा.

आणखी एक. समुद्राचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. सामानासकट तुमचं वजन शंभर किलो असेल, तर नदीत कमरेचं शिसं साधारण अडीच किलो कमी लागतं. समुद्रातलंच वजन घेऊन नदीत उतरलात, तर ते पेलायला जाकिटात जास्त हवा भरावी लागते, आणि वर येताना फुगणारी हवाही तेवढीच जास्त.

पहिल्यांदाच हौसेनं उतरणार असाल, तर बटण प्रशिक्षकच सांभाळतो. तरी बोटीवर त्याला खुशाल विचारा, ‘दादा, हे आतून कधी धुतलं?’ चांगला प्रशिक्षक रागावणार नाही.