आकाशातील धुळीचे वजन

भट्टीतून काढलेल्या कोयत्याची लाली विझली तरी त्याला कोणी हात लावीत नाही. न दिसणारी धग तो सोडीतच असतो. शेजारच्या देवयानी दीर्घिकेतील धूळ उणे अडीचशे अंशांइतकी गार. तरी दूर-अवरक्त किरण सोडते. ते आपली हवा शोषते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बलूनने दुर्बीण उंच चढविली. २००९ साली युरोपची हर्शेल दुर्बीण अंतराळात गेली.

पण थोडी ऊबदार धूळ आणि पुष्कळ गार धूळ सारखीच तेजस्वी दिसू शकते. मग वजन कसे करावे? मिलिमीटरहून आखूड अशा लांब लहरीही मोजाव्या. दोहोंच्या तुलनेने तापमान कळते, मग वजन. वायूच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतकीच ही धूळ; पण गुरुजी, मुलांना जरूर सांगा : पेणच्या गणपतीची माती नि रोह्याच्या खाचरांतला चिखल अशाच धुळीतून घडला.