आणखी चार आयपी पत्ते हवेत, पण कशासाठी?



समोर बसलेल्यांत कार्गो, केटरिंग, अकाउंट्स, क्लासेस अशा निरनिराळ्या धंद्यांतली मंडळी दिसतात. बहुतेकांची वेबसाइट आहे आणि ती कुणाच्या तरी सर्व्हरवर भाड्याने ठेवलेली आहे. त्या होस्टिंगवाल्याला आपण एक विनंती फार सहज करून टाकतो: ‘आम्हाला आणखी चार आयपी पत्ते द्या.’ आज या विनंतीविषयीच बोलायचे आहे. हे पत्ते त्याने स्वतः तयार केलेला माल नव्हे. साऱ्या जगाच्या सामायिक साठ्यातून त्याच्या वाट्याला आलेले ते पत्ते आहेत आणि तो साठा संपला आहे. म्हणून मागताना कारण खरे सांगायला हवे, आणि त्याआधी ते स्वतःला सांगून पाहायला हवे.

टंचाई म्हणजे काय हे आपण राहतो त्या कुवेतला सांगावे लागत नाही. एके काळी इथे पिण्याचे पाणी शत्त-अल-अरबहून होड्यांतून येत असे. १९५३ साली शुवैखला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना सुरू झाला तेव्हा हे चित्र बदलू लागले. आयपी पत्त्यांच्या बाबतीत आपण अजून होडी आणि कारखाना यांच्या मधल्या काळात आहोत.

आयपी म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल. त्याच्या चौथ्या आवृत्तीचा पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. १९८१ साली ही आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. त्या वेळी इंटरनेटचे जाळे मुख्यतः विद्यापीठांचे, संशोधनसंस्थांचे आणि लष्कराचे होते, त्यामुळे हा आकडा भरपूर वाटला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच प्रादेशिक संस्थांना वाटून झाले. भारत यांतल्या एपनिकच्या क्षेत्रात येतो. कुवेत येतो तो अ‍ॅमस्टरडॅमच्या राइप एनसीसीकडे. या संस्थेने सप्टेंबर २०१२पासून रेशन लावले: एका सभासदाला १०२४ पत्ते, तेही एकदाच. २५ नोव्हेंबर २०१९ रोजी तेही संपले. आता कुणी परत केलेले पत्ते प्रतीक्षायादीतून २५६च्या गठ्ठ्याने मिळतात आणि तेसुद्धा पूर्वी काहीच न मिळालेल्या सभासदाला.

जे वाटून संपले त्याचा बाजार होतोच. दिवाळे निघालेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने २०११मध्ये ७५ लाख डॉलरना विकत घेतले. एका पत्त्याला सव्वा अकरा डॉलर पडले. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडने १ फेब्रुवारी २०२४पासून चौथ्या आवृत्तीच्या प्रत्येक सार्वजनिक पत्त्याला ताशी अर्धा सेंट भाडे लावले. वर्षाचे जवळजवळ ४४ डॉलर, म्हणजे साडेतेरा दिनारच्या आसपास. रक्कम छोटी वाटेल, पण वापरात नसलेल्या चार पत्त्यांसाठी ती दर वर्षी भरत राहणे मला पटत नाही.

मग हे चार पत्ते लोक मागतात कशाला? सर्वांत जुने कारण म्हणजे प्रत्येक वेबसाइटला वेगळा पत्ता लागतो ही समजूत. १९९७च्या एचटीटीपी १.१पासून ब्राउझर विनंतीसोबत साइटचे नावही पाठवतो, त्यामुळे एकाच पत्त्यावर शेकडो साइट नांदू शकतात. सुरक्षित कुलूपवाल्या साइटला मात्र पुढेही बराच काळ स्वतंत्र पत्ता लागत होता, कारण प्रमाणपत्र दाखवण्याची वेळ नाव कळण्याच्या आधी येत असे. त्यावर २००३ साली एसएनआय हा, साइटचे नाव आधीच पाठवण्याचा, उपाय आला. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो समजत नव्हता, म्हणून होस्टिंगवाले वेगळा पत्ता देत राहिले. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४मध्ये काढून घेतला. हे कारण तेव्हाच संपले. दुसरे कारण सांगितले जाते ते गूगलवर वर येण्याचे. वेगळा पत्ता घेतला की साइट वर येते, असे कुणी तुम्हाला विकत असेल तर विकत घेऊ नका.

खरी कारणे आहेत, आणि ती ठामपणे मांडावीत. स्वतःचा मेलसर्व्हर चालवणाऱ्याला स्वतंत्र पत्ता हवाच. त्याच पत्त्यावरच्या शेजाऱ्याने स्पॅम पाठवला आणि पत्ता काळ्या यादीत गेला, तर तुमची कोटेशनही ग्राहकापर्यंत पोचणार नाहीत. बँका किंवा पेमेंट गेटवे काही वेळा ठरावीक पत्त्यावरून आलेलीच विनंती स्वीकारतात. तिथे तो पत्ता तुमचा आणि न बदलणारा असला पाहिजे.

विनंती लिहिताना एवढे स्पष्ट करा: किती पत्ते, प्रत्येकावर काय चालणार, आज किती वापरणार आणि वर्षभरात किती. या प्रश्नांमागे इतिहास आहे. १९९६च्या आरएफसी २०५० या दस्तऐवजात मागितलेल्या पत्त्यांपैकी २५ टक्के लगेच आणि ५० टक्के वर्षाच्या आत वापरात यावेत, अशी अपेक्षा नोंदलेली होती. होस्टिंगवाल्याचा फॉर्म कटकटीचा वाटतो, पण साठ्याची राखण करणारी ही रीत त्यात अजून शिल्लक आहे. आठ पत्त्यांचा गठ्ठा घेतलात तर त्यातला पहिला आणि शेवटचा नेटवर्कच्या कामी जातात, एक सहसा गेटवेला जातो, उरतात पाच. हा हिशेब आधीच करून मागा.

पत्ता हाती येताच तो काळ्या याद्यांत आहे का, हे तपासा. आधी तो कुणाकडे होता हे आपल्या हाती नसते. मेलसाठी असेल तर उलटी नोंद, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, करून मागा. जीमेलसारख्या सेवा ती पाहतात. पत्ता दुसऱ्या देशातून विकत आला असेल तर काही सेवा तुमचा सर्व्हर त्याच देशात आहे असे समजत राहतात, तेही विचारून घ्या. आणि त्याच विनंतीत सहाव्या आवृत्तीचे पत्ते मागा. ते १२८ बिटांचे असतात, बहुतेक ठिकाणी फुकट मिळतात, आणि टंचाईवरचा खरा कारखाना तोच आहे. जिओने २०१६मध्ये भारतात सेवा सुरू केली ती सहाव्या आवृत्तीला सोबत घेऊनच. गावाकडून तुमची साइट उघडणारा ग्राहक बहुधा त्याच वाटेने येऊ पाहतो.

शेवटचे काम आपल्याकडून हमखास राहून जाते: न लागणारे पत्ते परत करणे. परत देण्याआधी आपल्या डीएनएसमधून, तुमच्या नावाने मेल कोणत्या पत्त्यांवरून येऊ शकते हे सांगणाऱ्या एसपीएफ नोंदीतून, फायरवॉलमधून आणि बँकेकडे दिलेल्या यादीतून तो पत्ता काढून घ्या. नाहीतर उद्या ज्या अनोळखी माणसाला तो मिळेल, त्याला तुमच्या नावाने मेल पाठवता येईल आणि तुमच्यासाठी उघडी ठेवलेली दारे त्यालाही उघडी मिळतील.