‘नाकारलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये मी ३४ वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘नाकारणे म्हणजे रिफ्यूज, डिनाय, रिजेक्ट, डिक्लाइन’ असं एकाच ओळीत फळ्यावर लिहायचं आणि मुलांनी पाठ करायचं, अशी माझी पद्धत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमची पिढी वाढली. शब्दाला शब्द मिळाला, की आमचं समाधान व्हायचं. ते समाधान किती महाग पडू शकतं, हे मला २००४ साली कळलं.

एका संध्याकाळी माझा जुना विद्यार्थी घरी आला. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो ऑपरेटर होता. ‘सर, एवढं इंग्रजी बघता का? उद्या द्यायचंय,’ म्हणाला. पाळी बदलल्याचं पत्र देऊनही कामावर आला नाही, म्हणून त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली होती. खरं म्हणजे असं पत्र त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यानं मनाशी वाक्य जुळवलं, ‘पत्र मिळाल्याचे मी नाकारतो.’ मग शब्द आठवून इंग्रजी केलं, ‘आय रिफ्यूज्ड टु रिसीव्ह द लेटर.’

मी चष्मा काढून ठेवला. या वाक्याचा अर्थ होतो, ‘पत्र घ्यायलाच मी नकार दिला.’ तेव्हा रजिस्टर पत्र कुणी घेतलं नाही, तर पोस्टमन पाकिटावर ‘रिफ्यूज्ड’ असा शेरा मारायचा आणि कोर्टात ते पत्र सहसा पोचल्यासारखंच धरलं जायचं. म्हणजे न केलेला गुन्हा हा मुलगा स्वतःच्या सहीनं कबूल करून बसला होता. आणि ते शब्द एका ओळीत बसवणारा मास्तर मीच!

त्या रात्री मी फळ्यावरची ती ओळ मनातल्या मनात पुसली आणि नव्यानं मांडली. एखादी गोष्ट करायला सांगितली आणि आपण ‘नाही करत’ म्हटलं, तर ते रिफ्यूज. एखादी गोष्ट घडली असं कुणी म्हटलं आणि आपण ‘तसं घडलंच नाही’ म्हटलं, तर ते डिनाय. ‘ही रिफ्यूज्ड टु पे’ म्हणजे त्यानं पैसे द्यायला नकार दिला. ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ म्हणजे पैसे घेतल्याचा त्यानं इन्कार केला. रिफ्यूजनंतर ‘टु’ येतो, तो डिनायनंतर असा चालत नाही. मात्र रजा, प्रवेश, हक्क एखाद्याला मिळू दिला नाही, हे सांगतानाही डिनाय वापरतात, तेवढं लक्षात ठेवावं.

उरले दोन. तपासून, पारखून नापसंत केलं, तर रिजेक्ट. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थच ‘मागे फेकणे’ असा आहे. अर्ज, प्रस्ताव, खराब माल यांना तो शोभतो. डिक्लाइनचं मूळ ‘बाजूला कलणे’ असं. त्यात समोरच्याचा मान राहतो. म्हणून आमंत्रणाला किंवा चालून आलेल्या नोकरीला नाही म्हणायचं असेल, तर तो शब्द बरा.

गंमत अशी, की हे बारकावे आपल्या मराठीत होतेच. स्थळाला आपण नकार कळवतो, आरोपाचा इन्कार करतो, अर्ज फेटाळतो आणि आमंत्रणाला ‘क्षमा असावी, जमणार नाही’ म्हणतो. ‘नाकारणे’ या एकाच पोत्यात हे सगळं भरलं, तिथं घोटाळा झाला. म्हणून माझं सांगणं एवढंच, की डिक्शनरी उघडण्याआधी आपल्याला मराठीत नेमकं काय म्हणायचंय, ते ठरवावं. तिथं शब्द नेमका सापडला, की इंग्रजीतली निवड निम्मी सोपी होते.

त्या विद्यार्थ्याला मी डिनायही लिहू दिलं नाही. ‘आय डिड नॉट रिसीव्ह द लेटर,’ पत्र मला मिळालं नाही, एवढंच लिहिलं. पुढे चौकशी झाली आणि त्याची नोकरी राहिली. ती माझ्या वाक्यामुळे राहिली, असं मी म्हणणार नाही. त्याच्या वाक्यामुळे मात्र ती जाऊ शकली असती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)