३६० रुपयांचा फरक

आमच्या गावच्या वाचनालयाचा मी बरीच वर्षे चिटणीस आहे. वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आणि जमाखर्च सांभाळण्याचे खजिनदारांकडे. खजिनदार म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. वयाने माझ्याहून मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणतो.

२०१७ च्या वार्षिक सभेतली गोष्ट. अहवाल मी आठ दिवस आधीच लिहून ठेवला होता. तेव्हा वर्गणी भरलेले सभासद होते ८४ आणि वर्गणी होती १२० रुपये. म्हणून पहिल्याच परिच्छेदात मी लिहिले, ‘यंदा वर्गणीपोटी १०,०८० रुपये जमा झाले.’ नंतर आणखी तिघांनी पैसे भरले. काकांनी पावत्या फाडल्या आणि मला कळवले. मी शेवटच्या पानावरचा तक्ता दुरुस्त केला : ८७ सभासद, १०,४४० रुपये. पहिला परिच्छेद मात्र तसाच राहून गेला.

सभेत एक सभासद उठले. म्हणाले, ‘पहिल्या पानावर एक आकडा, शेवटच्या पानावर दुसरा. मधले ३६० रुपये कुणाचे?’ चूक माझी आहे, हे मी तिथल्या तिथे सांगितले. पण नजरा वळल्या त्या काकांकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या घरी आले, स्वतःच्या खिशातले ३६० रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाले, ‘जमा करून टाका. मला बोलणं नको.’ मी ते पैसे घेतले नाहीत. पण त्या नोटा ठेवताना त्यांचा हात कापत होता, तो अजून दिसतो.

माझा भाचा संगणकाच्या क्षेत्रात आहे. ईदला घरी आला तेव्हा मी त्याला हे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, ‘मामू, तुम्ही उत्तर लिहून ठेवता. हिशेब लिहून ठेवा.’

आता मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण हे वाक्य मला चटकन कळले. मात्रावृत्तात एक शब्द बदलला की सगळी ओळ पुन्हा मोजावी लागते, हे कवीला कुणी शिकवावे लागत नाही.

हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांनाही असेच काहीसे जाणवले होते. फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडलेला. त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. ते पाहून त्यांना कल्पना सुचली. बॉब फ्रँकस्टन यांच्या साथीने त्यांनी ‘व्हिसिकॅल्क’ तयार केले आणि १९७९ मध्ये ते अ‍ॅपल टू या संगणकावर आले. या प्रकाराला स्प्रेडशीट म्हणतात. त्यातल्या घरात आकडा लिहिता येतो, तसे सूत्रही लिहिता येते. ‘या घराला त्या घराने गुणा’ असे एकदा सांगितले, की मूळ आकडा बदलताच उत्तरही बदलते.

पण अहवाल काही स्प्रेडशीटमध्ये लिहीत नाहीत. अहवालाला मथळे असतात, परिच्छेद असतात, आभार असतात. म्हणून आपण हिशेब एकीकडे करतो आणि उत्तर उचलून दुसरीकडे चिकटवतो. उचललेल्या आकड्याचे मुळाशी नाते तिथेच तुटते. माझे ३६० रुपये हरवले ते याच फटीत.

भाच्याने मला ‘ईमॅक्स’ या जुन्या लेखन-प्रोग्रॅममधला ‘ऑर्ग मोड’ दाखवला. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनी तो २००३ मध्ये सुरू केला. टिपणे आणि कामांच्या याद्या मथळ्यांखाली नीट लावता याव्यात, हा त्याचा हेतू. साध्या उभ्या रेघा टाकून त्यात तक्ता आखता येतो. पुढे त्या तक्त्यांना सूत्रांची जोड मिळाली. त्यासाठी गणकयंत्र नव्याने घडवावे लागले नाही. ईमॅक्समध्ये ‘कॅल्क’ नावाचे गणकयंत्र आधीपासून होते, सूत्र त्याच्याकडे सोपवले जाते. मला सर्वांत आवडले ते हे, की सूत्र लपलेले नसते. तक्त्याच्या खाली एका ओळीत ते उघड लिहिलेले असते : तिसरा रकाना म्हणजे पहिला गुणिले दुसरा. परिच्छेदातल्या वाक्यातही तक्त्यातला आकडा मागवण्याची सोय करता येते. छापायची प्रत तयार होताना तो तिथून येऊन बसतो.

अडचणी आल्याच. मी सवयीने देवनागरी अंक टंकले, तर गणकयंत्राला ते आकडे म्हणून ओळखताच येईनात. शेवटी इंग्रजी अंकांत हिशेब ठेवायचा आणि छापताना देवनागरी करायचे, असे ठरले. दुसरे असे, की आकडा बदलला म्हणून उत्तर आपोआप बदलत नाही. ‘पुन्हा मोज’ अशी आज्ञा द्यावी लागते. वर्डमधल्या तक्त्यातही सूत्र टाकले तर ते असेच सांगून ताजे करावे लागते. विसरलात, तर जुनी चूक नव्या कपड्यांत हजर! आणि सूत्राच्या घरात कुणी हाताने आकडा घातला, तर पुढच्या मोजणीत तो पुसला जातो. सुरुवातीला मला याचा राग आला. मग वाटले, ठीकच आहे. तिथे माझ्या मर्जीचे काम काय?

नवा अहवाल तयार झाला तेव्हा मी लॅपटॉप घेऊन काकांकडे गेलो. सभासदांची संख्या बदलली, आज्ञा दिली, तक्त्यातली रक्कम बदलली. प्रत काढली, पहिल्या परिच्छेदातलीही बदललेली. काकांनी चष्मा लावून तक्त्याखालची सूत्राची ओळ दोनदा वाचली. मग कागद घेऊन गुणाकार हाताने करून पाहिला. जुळला. मी खूश झालो. तर ते म्हणाले, ‘गुणाकार बरोबर आहे हो. पण सभासदांचा आकडा कुठनं आणला?’

मी गप्प झालो. तो आकडा मीच टंकला होता, आठवणीने. पाया चुकीचा असेल, तर सूत्र ती चूक प्रत्येक पानावर सारखीच आणि नीटनेटकी मांडील. दोन आकड्यांत फरक राहणार नाही, म्हणून सभेत कुणी उठून विचारणारही नाही. त्या वर्षी निदान दोन आकडे जुळत नव्हते, म्हणून चूक सापडली तरी.

काकांनी कपाटातून पावतीपुस्तक काढले. आम्ही दोघे ओट्यावर बसलो. ते एकेक स्थळप्रत उलटत नाव वाचत गेले, मी मोजत गेलो. आता दर वर्षी अहवालाआधी आम्ही हेच करतो. मोजून झाले की काका म्हणतात, ‘हं, आता तुमच्या यंत्राला सांगा.’